नळ्या मूळच्या की कापलेल्या?

जुन्या दुनळी बंदुकीचा दस्ता मोडला तर नवा बसविता येतो, चाप झिजला तर बदलता येतो, लाकडावरचा उडालेला तेलाचा हात पुन्हा देता येतो. नळ्या मात्र एकदा आखूड केल्या की त्यांची गेलेली लांबी परत आणता येत नाही. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील किंवा विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांतील एखादी बंदूक समोर आली, की जाणकार माणूस तिच्यावरील कोरीवकामाच्या आधी तिच्या नळ्यांच्या तोंडाकडे पाहतो.

नळ्या कापण्यामागे बहुधा फसवणुकीचा हेतू नसे. नळीचे तोंड हा बंदुकीचा सर्वांत उघडा भाग. ते दगडावर आपटते, त्याला पोचे येतात, गंज तेथूनच आत शिरतो. तोंडात चिखल किंवा बर्फ अडकला असताना बार काढला गेला, तर त्या जागी नळी फुगते किंवा चिरते. अशी बंदूक टाकून देण्यापेक्षा दोन-तीन इंच कापून ती पुन्हा कामास लावणे हे गावच्या बंदूक-दुरुस्ती करणाऱ्यास आणि मालकास सारखेच शहाणपणाचे वाटे. काही नळ्या दाट झुडपांत सोयीच्या व्हाव्यात म्हणून कापल्या गेल्या, काही गाडीत बाळगण्यासाठी, तर काही निव्वळ आखूड नळ्यांची टूम आली म्हणून. कापणाऱ्याने ही गोष्ट लपविलेली नसे. दोन-तीन पिढ्यांनंतर ती कोणाला माहीत राहत नाही, एवढेच.

विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने मात्र फरक मोठा आहे. नामांकित कारागिराची बंदूक मूळ लांबीत असेल तर तिला एक किंमत येते आणि कापलेली असेल तर त्याच्या बरीच खालची. शिवाय कापलेली नळी छरे वेगळ्या रीतीने फेकते. याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते. एखादे लक्षण वरवर जुळले की 'कापलेली' असा शिक्का मारण्याची घाई संग्राहकांत फार आढळते, आणि त्या घाईत अगदी निर्दोष बंदुकाही मातीमोल ठरतात. वडिलोपार्जित बंदूक विकायला काढणाऱ्या कुटुंबाला अशा एका शब्दाने मोठा तोटा होऊ शकतो. तेव्हा कोणते लक्षण काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

दोन नळ्या कशा जोडल्या जातात

दुनळी बंदूक म्हणजे शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन सरळ नळ्या, असे पाहणाऱ्याला वाटते. वस्तुतः त्या समांतर नसतात. काडतूस जेथे बसते त्या बुडाकडच्या भागात दाब सर्वांत अधिक असतो, म्हणून तेथे नळीचे पोलाद जाड ठेवावे लागते. तोंडाकडे दाब पुष्कळ उतरलेला असल्याने तेथे ती पातळ असली तरी चालते. जाड बुडे एकमेकांशेजारी आली की दोन्ही नळ्यांचे मध्य एकमेकांपासून दूर राहतात. बारा बोअरच्या नेहमीच्या बंदुकीत हे अंतर ढोबळमानाने २८ मिलिमीटर धरावे. तोंडाशी प्रत्येक नळीची बाहेरची रुंदी २० मिलिमीटरच्या थोडी वर असते आणि तेथे त्या एकमेकींना टेकतात. म्हणजे मध्यांतील अंतर साडेवीस मिलिमीटरांच्या आसपास येते. याचा अर्थ असा, की बुडापासून तोंडापर्यंत नळ्या एकमेकींकडे झुकत गेलेल्या असतात.

या झुकण्याविषयी एक शंका साहजिकच येईल. या रेषा पुढे वाढविल्या तर तोंडापासून काही थोड्या मीटरांवरच त्या एकमेकींना छेदतील, आणि मग उजव्या नळीचे छरे डावीकडे व डाव्या नळीचे उजवीकडे जावयास हवेत. तसे घडत नाही, कारण बंदुकीचा धक्का तिच्या मध्यरेषेवर बसत नाही. उजव्या नळीचा बार उडाला की धक्का मध्यरेषेच्या उजवीकडे बसतो, आणि छरे नळीतून बाहेर पडण्याच्या आतच बंदूक किंचित उजवीकडे वळते. झुकाव आणि हे वळणे एकमेकांना फेडून टाकतात. सुमारे ४० यार्डांवर दोन्ही नळ्यांचा मारा एकाच जागी पडावा अशा बेताने कारागीर नळ्या जुळवितो, आणि मग वरची व खालची पट्टी कथील-शिशाच्या डाखाने पक्की करतो. चांगल्या बंदुकीच्या किमतीतील बराच वाटा या जुळवणीच्या कामाचा असे.

आता वरील आकड्यांवरून एक साधा हिशेब मांडता येतो. ३० इंची, म्हणजे ७६ सेंटिमीटर लांबीच्या नळ्यांत मध्यांतील अंतर साडेसात मिलिमीटरांनी कमी होते. म्हणजे दर दहा सेंटिमीटरला सुमारे एक मिलिमीटर. अशा नळ्या पाच सेंटिमीटरांनी, म्हणजे दोन इंचांनी आखूड केल्या, तर नव्या तोंडाशी त्यांचे मध्य अर्ध्या मिलिमीटरने अधिक दूर असतील. नळीच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात तिची बाहेरची जाडी फारशी बदलत नसल्याने जवळजवळ तेवढीच फट दोन नळ्यांमध्ये दिसू लागते. पुष्कळ नळ्यांचे तोंड बाहेरून किंचित फुगीर घडविलेले असते. तो फुगीर भागच कापला गेला तर फट आणखी रुंदावते. हिशेब ढोबळ आहे आणि प्रत्येक कारागिराची नळी निराळी असते, हे खरे. तरीही नळ्यांच्या तोंडाशी असलेली फट हे कापल्याचे सर्वांत बोलके लक्षण का मानले जाते, याचे उत्तर त्यात मिळते.

म्हणून तपासणीचा आरंभ येथून करावा. बंदूक रिकामी आहे याची खात्री करून घ्यावी, नळ्या दस्त्यापासून वेगळ्या कराव्यात आणि तोंडाकडून भिंगाखाली पाहाव्यात. अखंड बंदुकीत दोन नळ्या एकमेकींना भिडलेल्या असतात, किंवा त्यांच्यामध्ये कागदाएवढी बारीक डाखाची रेघ असते. भेटकार्ड सरकेल एवढी जागा असेल तर संशयाला पुरेसे कारण आहे. ही जागा उघडी सहसा सोडलेली नसते. ती डाखाने किंवा धातूच्या पातळ पाचरीने भरलेली असते. डाख पोलादापेक्षा मऊ आणि रंगाने राखाडी-पांढुरका असल्यामुळे घासून पुसून सारखा केला तरी भिंगाखाली ओळखू येतो.

फटीइतकेच लक्ष तिच्या वरच्या व खालच्या खोबणीकडे द्यावे. दोन गोल नळ्या टेकल्या की त्यांच्या वर आणि खाली तिकोनी पोकळी राहते. पट्ट्या या पोकळीवर छपरासारख्या बसविलेल्या असतात आणि आतून त्या पोकळ असतात. मूळ तोंडाशी कारागीर ही पोकळी नीट बसविलेल्या तुकड्याने बंद करतो. नळ्या कापल्या की हा तुकडा कापलेल्या भागाबरोबर निघून जातो व पोकळी उघडी पडते. मग ती डाखाच्या गोळ्याने कशीतरी बुजविली जाते. तसे केले नाही तर आत पाणी जाते, पट्टीखाली गंज धरतो आणि काही वर्षांनी पट्टी सुटते. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातील मेरिडन येथे पार्कर बंधूंच्या कारखान्यात तयार झालेल्या बंदुकांत या जागी पाचरीसारखा एक तुकडा असे. तेथील संग्राहक त्याला जहाजाच्या कण्यावरून 'कील' म्हणतात. पार्कर बंदूक हाती आली की ते आधी हा कील शोधतात, आणि तो नसेल तर पुढचे बोलणे भावाचे होते.

मात्र हे लक्षणही निरपवाद नाही. रुंद चौकटीवर वीस किंवा अठ्ठावीस बोअरच्या बारीक नळ्या बसविल्या, तर त्यांची तोंडे भिडविण्यासाठी त्यांना फारच झुकवावे लागते. तसे न करता कारखान्यातच त्यांच्यामध्ये जागा सोडून ती भरली जाई. स्वस्तातल्या बंदुकांत मुळातच जुळवणी ढिली असे. कधी जुनी पट्टी सुटल्यामुळे ती पुन्हा डाखलेली असते आणि त्या कामात तोंडाशी नवा डाख आलेला असतो. उलट पाव इंच एवढेच कापले असेल तर डोळ्यांना दिसेल अशी फट पडतच नाही.

लांबीचा पुरावा

सामान्य ग्राहक आधी मोजपट्टी काढतो. मोजमाप बुडाच्या सपाट तोंडापासून नळीच्या तोंडापर्यंत घ्यावयाचे असते. काही बंदुकांत वरची पट्टी मागे वाढवून तिचे टोक चौकटीत अडकविलेले असते. तो भाग धरावयाचा नाही. इंग्रजी बंदुका बहुधा पूर्ण इंचांत होत. काळ्या दारूच्या दिवसांत ३० इंच ही बारा बोअरची नेहमीची लांबी होती. धूररहित दारू आल्यानंतर लांब नळीची गरज कमी झाली आणि २८ इंची नळ्या अधिक दिसू लागल्या. अमेरिकन कारखाने २६, २८, ३०, ३२ अशा दोनदोन इंचांच्या टप्प्यांनी जात. त्यामुळे एखाद्या इंग्रजी बंदुकीची नळी सव्वासत्तावीस इंच भरली की भुवया उंचावतात, आणि ते योग्यच आहे.

पण युरोपातील इतर देशांत इंच चालत नव्हते, ही साधी गोष्ट येथे अनेकदा विसरली जाते. लीज येथील बेल्जियन किंवा झूल येथील जर्मन कारागीर सेंटिमीटरांत काम करी. ७० सेंटिमीटर म्हणजे २७ पूर्णांक ९/१६ इंच. इंची पट्टीवर ही लांबी अगदी ओबडधोबड कापल्यासारखी दिसते. ७५ सेंटिमीटर साडेएकोणतीस इंचांना भिडतात आणि ६८ सेंटिमीटर पावणेसत्तावीसला. अशा किती बंदुका केवळ चुकीच्या पट्टीने मोजल्यामुळे बदनाम झाल्या असतील, हे सांगणे अवघड आहे. यासाठी लांबीवर मत देण्याआधी नळ्या कोणत्या देशात चाचणीला गेल्या हे शिक्क्यांवरून पाहून घ्यावे आणि मग त्या देशाच्या मापाने मोजावे. शिवाय ग्राहकाच्या उंचीप्रमाणे व आवडीप्रमाणे बंदूक करून देणाऱ्या लंडनच्या पेढ्या २९ इंची नळ्याही मागणीप्रमाणे करीत.

आखूड नळ्यांची एक प्रसिद्ध टूम १९२० च्या दशकात लंडनचे बंदूक-कारागीर रॉबर्ट चर्चिल यांनी आणली. त्यांच्या बंदुकीच्या नळ्या २५ इंची असत, आणि रोमन अंकातील पंचवीस हेच तिचे नाव झाले. नळी आखूड दिसू नये म्हणून तिच्यावरची पट्टी उंच व अरुंद ठेवलेली असे. इतर कारागिरांनीही पुढे २५ इंची बंदुका केल्या. तेव्हा २५ इंच हा आकडा दोषाचा नव्हे. पण १८९० च्या सुमाराची, रुंद सपाट पट्टीची बंदूक २५ इंच भरत असेल, तर ती या टुमेच्या कितीतरी आधीची आहे हे विसरता कामा नये.

चोक आणि चाचणीचे शिक्के

नळीच्या तोंडाजवळ तिचा आतला व्यास किंचित कमी केला, तर छरे कमी पसरतात व लांबवर एकत्र राहतात. या आकुंचनाला चोक म्हणतात. न्यूकॅसलचे डब्ल्यू. आर. पेप यांनी १८६६ मध्ये त्याचे पेटंट घेतले होते. अमेरिकेत फ्रेड किंबल यांचे नाव या संदर्भात घेतले जाते. पण चोकला खरी मान्यता मिळाली ती बर्मिंगहॅमचे डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांच्यामुळे, आणि १८७५ साली लंडनमध्ये 'द फील्ड' या साप्ताहिकाने घेतलेल्या चाचण्यांमुळे. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास नाममात्र ०.७२९ इंच, म्हणजे साडेअठरा मिलिमीटर असतो. पूर्ण चोक म्हणजे त्यात इंचाच्या ४० सहस्रांशांची, सुमारे एक मिलिमीटरची घट. ४० यार्डांवर ३० इंच व्यासाच्या वर्तुळात पूर्ण चोकच्या नळीतून सुमारे ७० टक्के छरे पडावेत, अर्ध्या चोकमधून ६० टक्के आणि आकुंचन नसलेल्या सरळ नळीतून ४० टक्के, असा सर्वसाधारण संकेत आहे.

हे आकुंचन नळीच्या अगदी शेवटच्या थोड्या इंचांत असते. म्हणून दोन इंच कापले की चोक बहुधा समूळ जातो आणि दोन्ही नळ्या सरळ होतात. बहुतेक दुनळी बंदुकांत उजवी नळी जवळच्या माऱ्यासाठी मोकळी आणि डावी लांबच्या माऱ्यासाठी आवळलेली असे. दोन्ही नळ्या मागे व तोंडाशी मोजून सारख्याच सरळ निघाल्या, तर तो एक धागा हाती लागतो. मोजण्यासाठी नळीच्या आत जाणारे बोअरमापक वापरावे. तोंडाशी साधे कॅलिपर लावून मिळालेला एक आकडा पुरेसा नसतो, कारण मागचा व्यास ठाऊक नसता तो काहीच सांगत नाही.

या धाग्याला बळकटी येते ती चाचणीच्या शिक्क्यांनी. ब्रिटनमध्ये बंदुकीची नळी विक्रीपूर्वी लंडन किंवा बर्मिंगहॅम येथील चाचणीगृहात जादा दारूने तपासून घ्यावी लागे, आणि तिच्या बुडाखालच्या सपाट बाजूवर शिक्के मारले जात. हे शिक्के बुडाशी असल्यामुळे तोंडाकडून कितीही कापले तरी शाबूत राहतात, हा त्यांचा मोठा गुण. १८७५ ते १८८७ या काळात चोक असलेल्या नळीवर 'नॉट फॉर बॉल' हे शब्द उमटविले जात. आवळलेल्या तोंडातून भरीव गोळी झाडू नये, असा त्यांचा अर्थ. त्याच काळात '१२ बी, १४ एम' असे आकडेही सापडतात. बी म्हणजे बुडाकडचे माप आणि एम म्हणजे तोंडाकडचे. बोअरचा आकडा म्हणजे एक पौंड शिशाच्या किती सारख्या गोळ्या होतात ती संख्या. त्यामुळे आकडा जितका मोठा तितके भोक लहान. १४ बोअर म्हणजे ०.६९३ इंच. आज त्याच नळीचे तोंड ०.७२९ इंच भरत असेल, तर मधले ३६ सहस्रांश कोठेतरी गेले, हे उघड आहे. १८८७ पासून ही लांबलचक सूचना जाऊन 'चोक' एवढाच शब्द आला. जर्मन बंदुकांवर मुकुटाखाली डब्ल्यू हे अक्षर असेल तर ती नळी चोकची, असे समजावे. जर्मन भाषेत या आकुंचनाला जो शब्द आहे त्याचे ते आद्याक्षर आहे.

शिक्का चोकचा आणि नळी सरळ, एवढ्यावरून मात्र निकाल देता येत नाही. पूर्ण चोकची बंदूक जवळच्या पक्ष्यांवर फार कडक पडते, म्हणून अनेक मालकांनी आपल्या नळ्यांचा चोक आतून घासून काढवून घेतला. तेथे लांबी जशीच्या तशी राहते. त्याचप्रमाणे १८७५ पूर्वीच्या बहुतेक बंदुका जन्मतःच सरळ होत्या, आणि नंतरही सरळ नळ्या मुद्दाम मागविणारे शिकारी होतेच.

याच्या उलटही घडते. नळ्या कापल्यावर गेलेला चोक परत आणण्याची एक युक्ती आहे. तोंडाच्या थोडे मागे नळी आतून किंचित रुंद करावयाची, म्हणजे तोंड तुलनेने अरुंद ठरते. अशी नळी तोंडाशी मोजली तर सरळ भासते आणि छरे मात्र चोकसारखे फेकते. बोअरमापक मागून पुढे सरकविताना आकडा आधी वाढतो आणि मग उतरतो. मूळच्या साध्या चोकमध्ये तो फक्त उतरत जातो. या ठिकाणी भिंतीची जाडीही पाहावी, कारण आधीच पातळ असलेल्या जागी आतून आणखी पोलाद काढलेले असते. इंचाच्या २० सहस्रांशांहून, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून पातळ भिंत धोक्याची मानली जाते. अशा नळीत काडतूस घालण्यापूर्वी ती जाणत्या कारागिराला दाखविलीच पाहिजे.

ब्रिटिश नळ्यांवर 'स्लीव्ह्ड' असा शब्द असेल तर वरील साऱ्या चर्चेला अर्थ उरत नाही. जुनी बुडे ठेवून त्यांत नव्या नळ्या बसविल्या आहेत, असे तो शब्द सांगतो. तेथे मूळ लांबी केवळ कागदोपत्री असू शकते.

किरकोळ साक्षी

पट्टीवरील मणी, ज्याला शिकारी माशी म्हणतात, तो कापताना जातो व नवा बसवावा लागतो. त्याचे भोक, त्याचा घाट आणि तोंडापासूनचे अंतर त्याच कारागिराच्या दुसऱ्या बंदुकीशी ताडून पाहावे. पट्टीवर चमक टाळण्यासाठी जी बारीक नक्षी किंवा खरवड केलेली असते, ती पुष्कळदा तोंडाच्या थोडी अलीकडे नीटनेटकी संपविलेली असते. ती थेट काठापर्यंत जाऊन तुटलेली दिसली तर पुढचा भाग गेला असण्याचा संभव आहे. काही पट्ट्या मध्ये खोल आणि दोन्ही टोकांना चढत्या असतात. अशी पट्टी तोंडाशी खोलच राहिली असेल, तर तिचे चढते टोक कोठे गेले हा प्रश्न विचारावा. पट्टीवर कोरलेला पेढीचा पत्ता तोंडाच्या जवळ आल्यासारखा वाटतो, असे काही जण सांगतात. त्यावर फारसे विसंबू नये, कारण पत्त्याची जागा ठरलेली नसे.

तोंडावरून भरावयाच्या जुन्या दुनळी बंदुकांत दांडा हा चांगला साक्षीदार असतो. नळ्यांखाली बसविलेला मूळचा दांडा तोंडाच्या अगदी जवळ येऊन संपतो. तो तोंडाच्या पुढे डोकावत असेल, किंवा त्याचे टोक कापून नवे केलेले असेल, तर नळ्यांकडे वळावे. मात्र दांडे हरवत आणि बदलले जात, हेही खरे.

बेल्जियन नळ्यांवर पुष्कळदा त्यांचे वजन किलोग्रॅममध्ये कोरलेले असते. बारा बोअरच्या दोन नळ्यांचे पुढचे पाच सेंटिमीटर पट्ट्यांसह कापले, तर भिंतीच्या जाडीवरून हिशेब केल्यास पन्नास-साठ ग्रॅम पोलाद जाते असे दिसते. चोक असेल तर त्याहून थोडे जास्त. कोरलेल्या वजनापेक्षा आजचे वजन एवढे कमी भरले तर ती गोष्ट विचारात घ्यावी. अर्थात गंज काढण्यासाठी नळी आतून-बाहेरून घासली असली तरी वजन घटतेच. पार्कर बंदुकांवरचा आकडा मात्र या कामी चालत नाही. तो नळ्या शेवटचा हात फिरवून पूर्ण होण्यापूर्वीच्या वजनाचा असतो.

एक साक्षीदार बहुतेक जण विसरतात, तो म्हणजे बंदुकीची पेटी. लंडनच्या पेढ्या बंदुकीबरोबर ओक लाकडाची व चामड्याची पेटी देत, आणि नळ्यांचा कप्पा नळ्यांच्या लांबीचा असे. त्या कप्प्यात नळ्या दोन इंच पुढेमागे सरकत असतील, किंवा टोकाला मागाहून बसविलेला लाकडाचा ठोकळा अथवा बनातीची घडी असेल, तर पेटी बरेच सांगून जाते. पेटीतील चिठ्ठीवरची पेढी आणि बंदुकीवरची पेढी एकच आहे की नाही, एवढे आधी पाहावे. बंदूक जोडीतली असेल तर पट्टीवर एक किंवा दोन हा आकडा असतो. तिची जोडीदार बंदूक कोठे आहे हे ठाऊक असेल तर याहून चांगली तुलना दुसरी नाही.

शेवटचा शब्द कारखान्याच्या वह्यांचा. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड यांसारख्या पेढ्यांनी प्रत्येक बंदुकीची नोंद क्रमांकाप्रमाणे ठेवली, आणि तीत नळ्यांची लांबीही असते. अमेरिकेत पार्करच्या उरलेल्या नोंदवह्यांवरून संग्राहकांची संघटना माहिती देते, तर एल. सी. स्मिथ बंदुकांच्या नोंदी वायोमिंग राज्यातील कोडी येथील संग्रहालयात आहेत. वहीत ३० इंच आणि हातात २८ इंच, असे आढळले तरी एक शक्यता तपासावी लागते. त्याच पेढीने पुढे २८ इंची नव्या नळ्या करून दिल्या असतील. तसे असल्यास नळ्यांवरचे चाचणीचे शिक्के चौकटीवरच्या शिक्क्यांपेक्षा नंतरच्या पद्धतीचे दिसतात.

या साक्षी एकत्र कशा वाचावयाच्या, हे दोन काल्पनिक उदाहरणांनी स्पष्ट होईल. पहिली बंदूक बर्मिंगहॅमची, १८८७ नंतरची, बारा बोअरची. नळ्या बरोबर २८ इंच. लांबी निर्दोष वाटते. पण बुडाखाली 'चोक' हा शब्द आहे आणि दोन्ही नळ्या सरळ आहेत, तोंडाशी डाखाने भरलेली फट आहे, पट्टीवरची खरवड काठाशी तुटलेली आहे, आणि पेटीचा कप्पा ३० इंची आहे. येथे प्रत्येक लक्षणाचे एकेकटे स्पष्टीकरण देता येईल, पण चारही योगायोग एकाच बंदुकीवर येणे संभवत नाही. दुसरी बंदूक २७ पूर्णांक ९/१६ इंची, दोन्ही नळ्या सरळ, मणी नवा. पुष्कळ जण तिला पाहताक्षणी बाद करतील. शिक्के मात्र लीजचे आहेत, चोकचा शब्द नाही, नळ्या तोंडाशी केसाएवढ्याही दूर नाहीत, पट्टीखालचा मूळ तुकडा जागेवर आहे, आणि कोरलेले वजन दहा-पंधरा ग्रॅमच्या फरकाने जुळते. ती ७० सेंटिमीटरची अखंड बंदूक आहे, आणि मणी केव्हातरी पडला म्हणून बदलला, एवढेच.

भारतातील जुन्या घरांत ज्या दुनळी बंदुका आजही परवान्यावर आहेत, त्यांच्या बाबतीत एक खुलासा आवश्यक आहे. कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा यांसारख्या पेढ्यांचे नाव पट्टीवर असले, तरी त्यांनी विकलेल्या पुष्कळ बंदुका बर्मिंगहॅममध्ये किंवा युरोपात अन्यत्र घडलेल्या होत्या. म्हणून नावाऐवजी शिक्के पाहावेत, नाहीतर कोणत्या देशाच्या मापाने मोजावयाचे हेच ठरत नाही. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यानंतर या बंदुकांचा शिकारीचा उपयोग संपला आणि बहुतेक आठवण म्हणून राहिल्या. परवानाधारकाच्या वारसाला नळ्या कापलेल्या आहेत की नाहीत हे ठाऊक असणे केवळ किमतीसाठी आवश्यक नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या सहाव्या कलमानुसार परवान्यावाचून बंदुकीची नळी आखूड करण्यास मनाई आहे. ब्रिटनमध्ये १९६८ च्या कायद्याने छऱ्याच्या बंदुकीच्या नळीसाठी २४ इंचांची मर्यादा घातलेली आहे, आणि अमेरिकेत १९३४ च्या कायद्यानुसार १८ इंचांहून आखूड नळीची नोंदणी करावी लागते. परदेशी कारागिराची बंदूक देशाबाहेरच्या लिलावात जावयाची असेल, तर तिच्या वर्णनात नळीची आजची लांबी, तोंडाजवळचे व मागचे अंतर्व्यास आणि भिंतीची किमान जाडी हे आकडे मोजून लिहिलेले असावेत, आणि नळ्या आखूड केल्याचे ठाऊक असेल तर तेही त्याच ओळीत यावे.